बाबांचं कार्ड आलं, आता पॉलिसी बंद करू का?

ताई, नमस्कार.

माझे बाबा ७३ वर्षांचे, आई ६६ ची. बाबा सूतगिरणीत होते, आता ईपीएफची तुटपुंजी पेन्शन. गेल्या वर्षी त्यांचं सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड काढलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मागच्या महिन्यात बाबा बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले. एमआरआय, टूडी इको, रक्त, लघवी, सगळं झालं. नशिबाने दाखल करावं लागलं नाही. १३,४०० रुपये भरताना मी कार्ड पुढे केलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ॲडमिट नाही तर योजना नाही." मग त्या कार्डाचा उपयोग काय? दोघांच्या गोळ्यांना महिन्याला ३,८०० रुपये जातात. बाबांच्या कानाच्या मशीनचे ४०,००० सांगितलेत. आईला शुगर, बीपी, थायरॉइड आणि गुडघेदुखी. तिला सत्तर पूर्ण नाहीत म्हणून कार्ड नाही आणि आमचं रेशनकार्ड पांढरं म्हणून दुसरंही काही नाही.

दोघांची मिळून ५ लाखांची खासगी पॉलिसी सहा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी ६१,३६० रुपये भरले, यंदा ५६,००० ची नोटीस आली आहे. अर्धे मी देते, अर्धे पुण्याचा भाऊ. भाऊ म्हणतो, सरकारने ५ लाख दिलेत, आता पॉलिसी बंद करू. बाबा म्हणतात, मला काही होत नाही, पैसे वाचवा. मुदत पुढच्या महिन्यात संपते. काय करू?

— एक लेक, सांगली जिल्हा

*

आधी उत्तर देते, कारण तुमच्या हातात महिनाच आहे. यंदा पॉलिसी बंद करू नका. पुढे कधी बंद करायचीच झाली तर बाबांपुरती करा, आईची मुळीच नाही. तुमच्या घरात गंमत अशी झाली आहे की कार्ड आलंय बाबांचं आणि त्याच्या भरवशावर पॉलिसी सुटणार आईचीही. भावाच्या हिशेबात आई कुठेच नाही. त्याच्या मनात तसं नसेल, पण "सरकारने ५ लाख दिलेत" हे वाक्य फक्त बाबांपुरतं खरं आहे.

आता काउंटरवरच्या त्या मुलाबद्दल. तो चुकीचं बोलला नाही. मी सत्तावीस वर्षं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसले. हे वाक्य मीही लोकांना सांगितलं आहे, बहुतेक याहून मवाळ शब्दांत, पण अर्थ तोच. आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली ती गरीब घरांसाठी. एखाद्या ऑपरेशनपायी शेत विकायची वेळ येऊ नये, हा तिचा हेतू. म्हणून ती रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होते. २९ ऑक्टोबर २०२४ ला तीच योजना ७० वर्षं पूर्ण केलेल्या सगळ्यांना खुली झाली, उत्पन्नाची अट न ठेवता. बाबांचं वय वंदना कार्ड हे त्यातलं. सत्तरीचं वय धरलं, उत्पन्नाची अट काढली, पण साचा तोच राहिला. आणि म्हातारपणाचा खर्च त्या साच्यात बसत नाही. तो सकाळच्या गोळ्यांच्या डबीत असतो, चष्म्याच्या नंबरात असतो, कवळीत असतो, कानाच्या मशीनमध्ये असतो. ऑपरेशन येतं एखाद्या वर्षी. गोळ्या रोज येतात.

त्यामुळे कार्डात काय आहे आणि काय नाही, हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर जीव जळणार नाही. दाखल झाल्यावरचा उपचार, ऑपरेशन, खाट, औषधं, जेवण हे आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या संबंधित तपासण्या आणि औषधंही आहेत. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि खासगी पॉलिसीवाल्यांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. ओपीडी नाही, नुसत्या तपासण्या नाहीत, दातांचं काम नाही, कानाचं मशीन नाही, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट नाही.

एक सावधगिरी. अशा वेळी कुणीतरी हळूच सुचवतं, "रात्रभर ॲडमिट दाखवू, मग तपासण्या योजनेत बसतील." नका करू. केवळ तपासणीसाठी दाखल होणं योजनेत बसत नाही, क्लेम अडकला तर रुग्णालय आणि तुमच्यात वाद होतो, आणि ७३ वर्षांच्या माणसाला गरज नसताना रुग्णालयात झोपवणं हे स्वतःच एक दुखणं आहे. बाबांना दाखल करावं लागलं नाही ते बरंच झालं. १३,४०० गेले ते मात्र तुमच्या खिशातून गेले, त्याला इलाज नाही. पुढच्या वेळी एमआरआय लागला आणि घाई नसली, तर मिरजेच्या सरकारी रुग्णालयातला दर विचारून बघा. तारीख उशिरा मिळते, पण खासगीच्या मानाने दर फार कमी असतात.

आता आईकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. "रेशनकार्ड पांढरं म्हणून काही नाही" हे आता खरं नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, ती पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह सगळ्यांना खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आलं. १ जुलै २०२४ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे देशात बाकी अनेक ठिकाणी ६६ वर्षांची, गरीब नसलेली बाई साठ ते सत्तरच्या मधल्या पोकळीत लोंबकळते, तशी तुमची आई लोंबकळत नाही. फक्त हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

पण कागद तपासा. आज संध्याकाळीच रेशनकार्ड काढून बघा: आईचं नाव त्यावर आहे का? हसू नका. मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत जिथे मुलगा शहरात गेला, नवीन कार्ड काढलं, आईवडिलांची नावं जुन्या कार्डातून कमी करून तिकडे नेली, पुढे आई गावी परतली आणि नाव तिकडेच राहिलं. रेशनकार्ड ऑनलाइन नोंदलेलं असायला हवं, त्याचा १२ अंकी क्रमांक लागतो, आणि आईचं आधार त्याला जोडलेलं हवं. धान्य घेत नाही म्हणून पांढऱ्या कार्डवाले या भानगडीत पडत नाहीत, आणि नेमकं इमर्जन्सीत रात्री अकराला तहसील कचेरी बंद असते. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी जुळतेय ना, तेही पाहा. आईच्या आधारवर जन्मतारीख चुकीची असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा, कारण चार वर्षांनी तिचं सत्तरीचं कार्ड निघणार ते आधारवरच्या वयावर. जन्मतारीख बदलण्याची संधी साधारण एकदाच मिळते, तेव्हा शाळेचा दाखला किंवा पासपोर्ट असं पक्कं काहीतरी हातात घेऊनच केंद्रावर जा.

योजना आहे म्हणजे काम झालं, असंही नाही. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोकांची फसगत याच ठिकाणी होते. "ते रुग्णालय योजनेत आहे" असं आपण म्हणतो, पण रुग्णालयं योजनेत येतात ती विभागवार. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. दारावर योजनेचा बोर्ड असतो, आत आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती आणि मदत देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, आणि तरी तुमच्या बाबांचा आजार तिथे बसत नाही. त्यात काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले असतात. शिवाय आधी मंजुरी घ्यावी लागते. कागद ऑनलाइन चढतात, वरून "क्वेरी" पडते, डॉक्टरची सही राहिलेली असते, रिपोर्टवर तारीख नसते, की थांबलंच काम. इमर्जन्सीत फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, हे कित्येक नातेवाइकांना माहीत नसतं, आणि सांगायची सगळ्यांना घाई नसते.

म्हणून एक दिवस काढा. सांगली-मिरजेत रुग्णालयांना तोटा नाही, तुमचं भाग्य म्हणा. बाबांना रात्री छातीत दुखलं तर कुठे न्याल आणि पडून हाड मोडलं तर कुठे न्याल, अशी दोनच ठिकाणं ठरवा. तिथे सकाळी अकराच्या सुमारास जा, आरोग्यमित्राला गाठा, बाबांचं कार्ड आणि आईचं रेशनकार्ड दाखवा आणि सरळ विचारा: हृदयरोग तुमच्याकडे योजनेत आहे का? सांध्याचं ऑपरेशन आहे का, की ते राखीव आहे? मेंदूच्या झटक्याचा रुग्ण रात्री घेता का? उत्तरं वहीत लिहून घ्या. आईचे गुडघे पुढेमागे बदलायचे झाले तर हा दुसरा प्रश्न फार कामाचा ठरेल. यादी वेबसाइटवरही दिसते, पण टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा पाहून जे कळतं ते यादीत कळत नाही. योजनेत दाखल केलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडे त्या पॅकेजसाठी वर पैसे किंवा डिपॉझिट मागता येत नाही. मागितलं तर पावती मागा आणि तिथूनच फोन लावा. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५, राज्याच्या योजनेसाठी १५५३८८. पावती मागितली की निम्म्या वेळा मागणी विरून जाते, असा माझा अनुभव.

आता पॉलिसीचा हिशेब. आधी तुमचा एक गैरसमज होण्याआधीच दूर करते: नोटीस ६१,३६० वरून ५६,००० वर आली म्हणजे कंपनीने दर कमी केला असं नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी होता, मूळ हप्ता ५२,००० चा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी गेला. म्हणजे मूळ हप्ता ५२,००० वरून ५६,००० झाला, पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढ. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. तुमची वाढ त्याच्या आत आहे, तेव्हा भांडायला जागा नाही. पुढच्या वर्षी मात्र हाच हिशेब पुन्हा मांडा.

पॉलिसी सहा वर्षांची आहे, ही तुमची खरी कमाई. आईच्या शुगर-बीपीची वाट पाहण्याची मुदत केव्हाच सरली. सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला "तुम्ही आजार लपवला होता" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आज बंद केली आणि दोन वर्षांनी भावाला पश्चात्ताप झाला, तर? वयाची आडकाठी नाही, १ एप्रिल २०२४ पासून ६५ नंतरही नवीन पॉलिसी घेता येते. पण कंपनी नाही म्हणू शकते, आणि हो म्हणाली तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असलेल्या ६८ वर्षांच्या बाईला. तुम्हीच सांगा, त्या तीन वर्षांत तिला जे काही होईल ते याच आजारांतून होण्याची शक्यता जास्त की कमी?

पण भावाचं म्हणणं अगदीच फेटाळू नका. बाबांपुरता त्याचा मुद्दा बरोबर आहे. एकाच माणसावर दोन ५-५ लाखांची छत्रं धरायची तर एकाचे पैसे वाया जातात असं वाटणं साहजिक आहे. तुमची पॉलिसी दोघांची एकत्र आहे, आणि अशा पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. म्हणजे ७३ वर्षांच्या दराने तुम्ही आईचेही पैसे भरताय. कंपनीला आजच ईमेल करा: बाबांना वगळून आईची एकटीची पॉलिसी केली तर हप्ता किती, आणि आतापर्यंतची सहा वर्षं तिच्या नावावर तशीच धरली जातील का, हे लेखी कळवा. फोनवरच्या "हो मॅडम" वर जाऊ नका. लेखी उत्तर मुदतीच्या आत आलं आणि आकडा पटला तर तसं करा. नाही आलं तर मुकाट्याने ५६,००० भरा आणि वर्षभरात ठरवा. बाबांना वगळायच्या आधी ती वही पाहा. तुमच्या दोन्ही ठरलेल्या रुग्णालयांत बाबांचं कार्ड हृदयालाही चालतं आणि हाडांनाही, तर त्यांना वगळण्याचा विचार करायला हरकत नाही. एका जरी ठिकाणी उत्तर "नाही" असेल तर मी त्यांना पॉलिसीत ठेवीन.

आणि पॉलिसीचे कागदही एकदा वाचाच. ज्येष्ठांच्या पॉलिसीत बऱ्याचदा बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरायचा असतो. खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, आणि महागडी खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च सगळंच त्या प्रमाणात कापतात. हे दाखल होताना कुणी सांगत नाही, डिस्चार्जच्या दिवशी कळतं. भाऊ जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असेल तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर त्याला वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, रोखीने भरला नसेल तर. हे त्याला जेवताना सांगा, मूड बदलतो.

रोजच्या गोळ्यांचं काय? इथे दोन वाटा आहेत, आणि दुसरी ऐकून तुम्ही चकित व्हाल असं मला वाटतं.

पहिली सरळ. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे, ती यात नाहीत. तिथे रांग आहे, कधी एखादी गोळी संपलेली असते, हे मान्य. ते नको असेल तर डॉक्टरांना सांगून औषधांची मूळ नावं लिहून घ्या आणि जन औषधी केंद्रात जा. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्यांत बिल निम्म्याखाली येतं. आईची थायरॉइडची गोळी मात्र परस्पर बदलू नका. तिचा ब्रँड बदलला की दीडदोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते.

दुसरी वाट सूतगिरणीची. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे, कापले जात होते का? पगार मर्यादेच्या वर गेला असेल तर नसेल, पण जुनी पगारपत्रकं काढून पाहा. जो कामगार विमाधारक असताना वयोमानाने निवृत्त झाला आणि किमान पाच वर्षं विमाधारक होता, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून ईएसआयचे वैद्यकीय लाभ पुढेही मिळतात. हो, एकशे वीस. आणि ईएसआयमध्ये ओपीडी आणि रोजची औषधंही येतात, म्हणजे बाबांच्या कार्डात नेमकं जे नाही ते. सत्तरीचं कार्ड असलं तरी ईएसआय चालतं, दोन्हींचं वैर नाही. हक्क असून किती गिरणी कामगारांनी तो घेतलाच नाही, ते मी टेबलामागून पाहिलं आहे. निवृत्तीच्या दिवशी हार घातला जातो, नारळ दिला जातो, आणि हा एक फॉर्म कुणी देत नाही.

कानाच्या मशीनला ४०,००० देण्याआधी थांबा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कानाची तपासणी करून घ्या, आलेख हातात घ्या, मग दुकानात जा. बाबांच्या नावावरचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदा खात्यावर मिळतात. ४०,००० पुढे ३,००० म्हणजे दर्या मे खसखस, मला कळतं. पण राष्ट्रीय वयोश्री योजनेची शिबिरं जिल्ह्यात लागतात, तिथे उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र, काठी, वॉकर फुकट देतात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, तिथे शिबिराची चौकशी करा.

आता मी जे सांगणार आहे ते कुठल्याच योजनेत नाही आणि पॉलिसीतही नाही.

माझ्या सासूबाई ७८ व्या वर्षी मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. ऑपरेशन झालं, विम्यातून झालं, एक पैसा अडला नाही. सहाव्या दिवशी घरी आणलं तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं, सुरू झालं होतं. दिवसा एक बाई, रात्री दुसरी. पलंग उंच म्हणून भाड्याचा वरखाली होणारा पलंग. कमोडची खुर्ची. डायपरची पाकिटं. एक दिवसाआड फिजिओथेरपिस्ट, तो आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायच्या. साडेतीन महिन्यांनी त्या वॉकर धरून तुळशीपर्यंत गेल्या. हिशेब केला तेव्हा घरातल्या त्या साडेतीन महिन्यांचा खर्च ऑपरेशनच्या बिलाच्या पुढे गेला होता, आणि त्यातला एकही रुपया कुठे मागता येत नव्हता. नणंदेने बिनपगारी रजा काढली होती, ती तर हिशेबात धरलीच नाही.

तुमचे बाबा बाथरूमच्या दारात पडले आहेत. हाड मोडलं नाही, तेव्हा हा इशारा समजा. प्लंबर बोलावून कमोडशेजारी आणि नळाजवळ स्टीलचे दांडे बसवून घ्या. उंबरठ्याची पायरी असेल तर ती भरून घ्या. रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा, गुळगुळीत पायपुसणं फेकून द्या. उठल्याउठल्या चक्कर येते का हे डॉक्टरांना विचारून बीपीच्या गोळीची वेळ आणि मात्रा पुन्हा बघून घ्या. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ पडझड याच एका कारणाने होते. हा खर्च दोन-चार हजारांचा, पण तो तुमच्या पॉलिसीइतकाच कामाचा आहे.

भावाशी बोलताना पॉलिसी विरुद्ध कार्ड असा वाद घालू नका, तो जिंकेल, कारण ५ लाख आणि ५ लाख समान दिसतात. त्याला म्हणा, कार्डामुळे जे वाचेल ते वाचू दे, पण ते घरात परत घालू. समजा आईची पॉलिसी वेगळी झाली आणि हप्ता कमी झाला, तर उरलेली रक्कम तुम्हा दोघांच्या नावावर वेगळ्या बचत खात्यात दर वर्षी टाका. गोळ्या नाही, कपडे नाही, फक्त घरच्या सेवेसाठी. आज त्या खात्याची गरज नाही असं बाबा म्हणतील. म्हणू द्या. त्यांना "मला काही होत नाही" हे म्हणायला आवडतं, कारण आपल्यावर खर्च होतोय हे त्यांना बोचतं. त्यांच्यासमोर हप्त्याचे आकडे बोलू नका, एवढं पथ्य पाळा.

एक शेवटची गोष्ट, लागू नये पण माहीत असावी. योजनेत बसत नाही, पॉलिसीही संपली, अशी वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयाचा विचार करा. महाराष्ट्रात ट्रस्टची रुग्णालयं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्यास कायद्याने बांधलेली आहेत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,०००. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो वेळेवर मिळत नाही.

तर क्रम असा: आज रेशनकार्ड आणि कंपनीला ईमेल, या रविवारी भाऊ आला की बाथरूम, पुढच्या आठवड्यात दोन आरोग्यमित्र. आणि बाबांना जुन्या ट्रंकेतली पगारपत्रकं काढायला बसवा, काम मिळालं की खूश होतील. ईएसआय निघालं तर मला नक्की कळवा.